पाच डुलक्यांची परीक्षा

फुलमावशी हसायच्या आधी खाली बसत. कुणी काही गमतीचं सांगायला तोंड उघडलं, की त्या टोपली बाजूला ठेवत, पदर सावरत, जिन्याच्या पायरीवर नीट टेकत आणि मग म्हणत, "हां, आता सांगा." उभ्याने हसायचं नाही, हा त्यांचा नियम. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटे, बाई मोठ्या रसिक; हसणंसुद्धा बैठक मारून करतात. मलाही अकरा वर्षं तसंच वाटत होतं.

मुलांनो, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा सकाळी दाराच्या कडीला फुलांची पुडी अडकवलेली असायची, ती यांची. शहराबाहेरच्या मळ्यात त्या शेवंती आणि झेंडू लावतात. पहाटे तोडणी, मग गजरे आणि हार, मग आमच्या भागातली घरं. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, त्या झोपाळू मावशी अजून येतात का?" येतात. पण 'झोपाळू' हा शब्द आता आमच्या घरात चालत नाही. का, ते लिहूनच सांगते. फोनवर मी मधले तपशील गाळते, आणि या हकिकतीत तपशीलच कामाचे आहेत.

झोपाळू म्हणण्यात तुमची चूक नव्हती. मावशी बोलता बोलता झोपत. माझ्या पायरीवर बसून गजरा करताना मान हळूच खाली जाई, डोळे मिटत. पण हात थांबत नसत. दोरा बोटांवरून फिरतच राही. पाच-दहा मिनिटांनी जाग आली, की त्या दोऱ्याकडे पाहून जीभ चावत. मधल्या वीतभर दोऱ्यात नुसत्या गाठी असत, फूल एकही नाही. तेवढा तुकडा त्या तोडून पिशवीत टाकत. "रिकाम्या गाठी गिऱ्हाइकाला नाय द्यायच्या बाई. देवाला चालंल, बायकांला नाय चालणार."

घरी या झोपेची फार नाचक्की होती. दिवसाढवळ्या बाई झोपली की घरात अवदसा येते, असं त्यांच्या सासूने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. म्हणून मावशी झोप लपवत. गोठ्यात झोपत, झेंडूच्या सऱ्यांमध्ये झोपत, एकदा तर बाजारात हारांच्या ढिगामागे झोपल्या आणि एका माणसाने त्यांच्यासकट ढिगाचा भाव विचारला. हे त्या स्वतःच सांगत. अर्थात आधी खाली बसून.

पण हसताना कोसळणं मात्र लपवता येत नसे. अवचित हसू आलं, की जबडा सैल पडे, गुडघे वाकत आणि मावशी पोत्यासारख्या खाली. अर्ध्या मिनिटात उठून बसत. सासरी याला एकच नाव होतं: फेफरं. मग कुणी नाकाला कांदा लावी, कुणी चप्पल हुंगवी, कुणी मुठीत किल्ली कोंबे. कुण्या दवाखान्यात डोक्याचा आलेख काढला होता, त्यात काही निघालं नव्हतं. तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या आणि चालूच राहिल्या. त्यांनी पडणं थांबलं नाही. गुंगी मात्र वाढली.

हे सारं मला कळलं ते एके सकाळी: मावशी पुडी देऊन गेल्याच नाहीत, पायरीवर बसून राहिल्या. आदल्या दिवशी त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं होतं. सून घोटीची. तिथून तिची आई, म्हणजे मावशींच्या विहीणबाई, ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या. बायकांनी उखाणे घेतले, मावशींना हसू फुटलं आणि त्या हातातल्या ताटासकट खाली गेल्या.

"आणि मग विहीणबाई बोलल्या," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर बोलल्या. 'उद्या बाळ असलं हातात तर? माझ्या लेकीचं लेकरू मी हिच्या हातात देणार नाय. बसल्या जागी बी नाय.' आन् माझी पोरगी, सख्खी पोरगी, म्हणली, 'आईला कळतंय कुठं, राहू द्या.' आन् मालक बोलले, 'खरंय.'" त्यांनी पदराने डोळे पुसले. "चार पोरं वाढवली बाई मी. नातवाला हातात बी घ्यायचं नाय?"

मी त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले आणि दारातच थांबले. चाळीस वर्षं पेपर तपासल्यावर एक खोड लागते: वाक्य खटकलं की पुढे जाता येत नाही.

"मावशी, विहीणबाई हे बोलल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"खाली पडलेली."

"मग ऐकलंत कसं? तुम्ही तर बेशुद्ध होतात ना?"

"कोण म्हणतं बेशुद्ध?" मावशी चक्क रागावल्या. "अंग निजतं. मी जागीच असते. सगळं ऐकू येतं. इतक्या वर्षांत कोण कोण काय काय बोललं, पाठ हाय मला. ती किल्ली हातात देती ना माझी जाऊबाई, ती दर वेळी म्हणती, 'तोंड बघा कसं झालंय.' नुसतं बोलता येत नाय तेवढ्या वेळात, नायतर सांगितलं असतं तिला तिचं तोंड कसं हाय ते."

मी डॉक्टर नाही. पण फिट येऊन पडलेल्या माणसाला जावेचं बोलणं शब्दशः पाठ राहत नाही, एवढं मला ठाऊक होतं. मी वही काढली, तारीख घातली आणि हे सगळं लिहून घेतलं.

झोपेच्या चाचण्यांशी आमच्या घराची ओळख आजोबांच्या घोरण्यामुळे. त्यांची तपासणी घरीच झाली होती: नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि सकाळी यंत्र परत. झोपेत त्यांचा श्वास थांबतो, हे त्यातून कळलं. मला वाटलं, झोपेची चाचणी म्हणजे हीच. मी तेच यंत्र मावशींसाठी मागवलं. अहवाल आला: सर्व काही ठीक. मावशींचा चेहरा पडला. "म्हंजे मला काय झालेलंच नाय. मी आळशीच हाय."

चूक माझी होती. अहवाल घेऊन मी मावशींसोबत आजोबांच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी ती मला शांतपणे दाखवली. "आजी, हे यंत्र एकच प्रश्न विचारतं: झोपेत श्वास अडतो का? उत्तर आलं, नाही. उत्तर बरोबर आहे. पण मावशींचा प्रश्न श्वासाचा नाहीच." मुलांनो, जन्मभर मुलांना सांगत आले, की आधी प्रश्न नीट वाचा. त्या दिवशी तेच मला ऐकावं लागलं.

डॉक्टर म्हणजे तिशीतली, केस मागे घट्ट बांधलेली एक मुलगी. मावशी तिला डॉक्टरताई म्हणू लागल्या. हसताना पडण्याचं ऐकून ती खुर्चीतून पुढे सरकली. "हे एकदा डोळ्यांनी बघायला मिळालं, तर फार बरं होईल. आजी, यांना हसवा."

मी! माझ्या वर्गात उभ्या नोकरीत एकदाच हशा पिकला, तो मी फळ्याजवळच्या पायरीवरून घसरले तेव्हा. तरी मी उभी राहिले, घसा साफ केला आणि आजोबा नेहमी सांगतात तो विनोद सांगायला घेतला. शेवट आधीच सांगून बसले. मग सुरुवात सांगितली. मग ती मधली नणंद होती की भावजय, हे आठवेना. तपासणीच्या टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेल्या मावशी माझ्याकडे दयेने बघत होत्या. मी म्हणाले, "थांबा, मी मुद्देसूद सांगते. मुद्दा पहिला..." आणि मावशींना हसू फुटलं.

मान खाली गेली, जबडा लोंबला, हात मांडीवर निसटले. डॉक्टरताईने एका हाताने त्यांना आधार दिला आणि दुसऱ्या हाताने छोट्या हातोडीने गुडघ्याखाली टिचकी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. ढिम्म. मग ती मावशींच्या कानाशी वाकून म्हणाली, "कोथिंबीर. सायकल. पंचवटी." अर्ध्या मिनिटाने मावशींनी मान वर केली. त्याच क्षणी डॉक्टरताईने पुन्हा टिचकी मारली, तेव्हा पाय असा उडाला, की तिची फाइल जमिनीवर गेली.

"मी काय म्हणाले, मावशी?"

"कोथिंबीर, सायकल, पंचवटी," मावशी म्हणाल्या. "आन् बाई म्हणल्या, 'अरे देवा, हातोडी कशाला मारते ही!'"

डॉक्टरताईने मला टाळी दिली. माझ्या विनोदाला मिळालेली ही पहिली आणि शेवटची टाळी.

पण डोळ्यांना दिसलं म्हणून भागत नाही, कागदावर सिद्ध व्हावं लागतं. फिटच्या गोळ्या मेंदूच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद झाल्या, कारण त्या पोटात असताना झोपेची परीक्षा घेतली तर उत्तर गोळ्याच देतात. मग दोन आठवडे मनगटावर घड्याळासारखा पट्टा, हालचाल मोजणारा, आणि सोबत झोपेची डायरी. मी चोवीस चौकोनांचे चौदा तक्ते आखून दिले. झोपलात तो चौकोन काळा करायचा.

चौदा दिवसांनी मावशींनी तक्ते आणले. इतकं सुबक काम मी मुलींच्या शाळेतही पाहिलं नव्हतं. रोज रात्री दहा ते पहाटे चार काळं, बाकी पांढरं शुभ्र. दिवसा एकही चौकोन भरलेला नाही. डॉक्टरताईने पट्ट्याचा आलेख शेजारी ठेवला. त्यात दिवसाला सहा-सात ठिकाणी हालचाल मंदावली होती आणि रात्रीची झोप चार-पाच ठिकाणी तुटली होती.

"मावशी, हे काय?" मी शिक्षिकेच्या आवाजात विचारलं.

"दिवसाची झोप कशी लिहू बाई? कागद घरात असतो. मालक बघत्यात, सून बघती. एवढं काळं बघून काय म्हणतील?" मग त्यांनी टोपलीतली पिशवी काढली. "कागदावर खोटं लिहिता येतं. हातानं नाय जमत. हे बघा."

पिशवीत दोरे होते. गेल्या चौदा दिवसांतले तोडून टाकलेले सगळे तुकडे, रोजची वेगळी जुडी, प्रत्येकीत वाळलेली शेवंतीची पाकळी. डोळे मिटलेले असताना हातांनी घातलेल्या रिकाम्या गाठी! डॉक्टरताईने एकेक तुकडा टेबलावर मांडला, आणि दिवसाला किती वेळा आलेख मंदावला ते मोजलं. काही दिवशी आकडा तंतोतंत जुळला; जिथे दोरा कमी पडला, तिथे मावशी सांगत, "ते गोठ्यातलं. गोठ्यात मी गजरे नाय करत." डॉक्टरताई माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तुमच्या तक्त्यापेक्षा हा चांगला आहे." मी मान्य केलं.

मग मुख्य परीक्षा. आधी एक रात्र तिथेच झोपायचं. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायाला तारा चिकटवतात. मेंदू, डोळे, स्नायू, श्वास, हृदय, सगळ्यांचा हिशोब सकाळपर्यंत चालतो. मावशींनी आरशात पाहिलं. "लग्नात बी एवढं डोकं सजवलं नव्हतं." रात्रीच्या तपासणीचा हेतू एवढाच, की दुसऱ्या दिवशी येणारी झोप ही अपुऱ्या रात्रीची किंवा अडलेल्या श्वासाची नाही, हे पक्कं व्हावं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. दर दोन तासांनी एक, अशा पाच डुलक्या. खोलीत अंधार करायचा, "झोपायचा प्रयत्न करा" म्हणायचं आणि वीस मिनिटं वाट पाहायची. किती मिनिटांत झोप लागते, आणि त्या छोट्या झोपेत स्वप्नाची झोप येते का, ते यंत्र बघतं. चारचौघांना दिवसा असं आडवं केलं तर बराच वेळ कूस बदलत राहतात, आणि स्वप्नाची झोप यायला तासाहून अधिक वेळ लागतो. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोनदा तरी लगेच स्वप्नाची झोप आली, की निदान पक्कं होतं.

सकाळी मावशींनी मला तीनदा तेच विचारलं. "नाय लागली झोप तर, बाई? आजच नेमकी नाय आली तर?" जन्मभर जिला झोपेवरून बोलणी बसली, तिला आज झोप येणार नाही म्हणून घाम फुटला होता. वर चहा बंद. हे ऐकून मात्र त्या उठून बसल्या. "चहा नाय? अख्खा दिवस? अहो, मग जीव जाईल, झोप कसली!"

पहिली डुलकी. दार लागलं. मी बाहेर बाकावर, बारावीच्या मुलीच्या आईसारखी. तंत्रज्ञ मुलगी यंत्रासमोर बसली होती. तिने काचेतून दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं! आणि वीस मिनिटांनी मावशी बाहेर आल्या त्या सांगतच, "स्वप्न पडलं बाई! विहीणबाई माझ्या मळ्यात झेंडू तोडत होत्या. उन्हात. मी सावलीत बसून चहा पीत होते."

मधल्या वेळात त्यांना जागं ठेवणं हे माझं काम. आम्ही व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, मी पाढे विचारले, त्यांनी मला गजऱ्याची गाठ शिकवली. मला अजूनही येत नाही. दुसरी डुलकी, तीन मिनिटं. तिसरी, एक. चौथ्या वेळी तंत्रज्ञ मुलगी दिवा मालवून दारापर्यंत पोहोचेस्तोवर यंत्राने झोपेची रेघ काढली. ती हसत बाहेर आली. "एवढी हुशार विद्यार्थिनी मला कधी मिळाली नव्हती." पाचव्या वेळी मावशी आत जाताना मागे वळून म्हणाल्या, "बाई, हा शेवटचा पेपर. देवाचं नाव घ्या." मी घेतलं.

पाचही वेळा झोप, चारदा स्वप्नाची झोप. डॉक्टरताईने कागद समोर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, याला नार्कोलेप्सी म्हणतात. मेंदूतलं जागेपणाचं बटण सैल आहे, म्हणून झोप आणि जाग एकमेकींत घुसतात. हसताना अंग निजतं, तेही त्यातलंच. हे फेफरं नाही. आणि तुम्ही आळशी तर मुळीच नाही."

मावशींनी कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग कागद तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, "डॉक्टरताई, ते शेवटचं मराठीत लिहून द्या. दोन्ही. मोठ्या अक्षरात. खाली सही, शिक्का."

तिने लिहून दिलं. औषधंही दिली: एक जागं राहायला, एक हसताना अंग सुटू नये म्हणून. आणि चिठ्ठीवर तिसरी ओळ: दुपारी एक वाजता वीस मिनिटं झोप, रोज, न चुकता. ती ओळ मावशींनी घरी मालकांना मोठ्याने वाचायला लावली. दोनदा. त्या दिवसापासून त्यांच्या ओसरीवर दुपारी एक वाजता खाट पडते, उजेडात, सगळ्यांच्या देखत.

मराठी कागद त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला आणि घोटीला नेला. विहीणबाईंनी चष्मा लावून वाचला, परत दिला. "कागद बेस हाय. गुडघ्यांचं काय?"

नातू झाला. पहिला महिना मावशींनी त्याला लांबूनच पाहिलं. औषध लागू पडत होतं. पडणं आधी कमी झालं, मग थांबलं. डॉक्टरताईचा सल्ला होता, की नीट सहा आठवडे एकही झटका आला नाही, तर बाळ हातात घ्या, उभ्याने घ्या, फक्त शेजारी कुणीतरी असू द्या. मावशींनी ते सहा आठवडे मोजले. बाळाचं बारसं सुनेच्या माहेरी घोटीला ठरलं होतं, आणि सहावा आठवडा त्याच्या चार दिवस आधी पुरा झाला.

शेजारचं 'कुणीतरी' म्हणून मी गेले. पाळणा शेवंतीने मढवला होता, मळ्यातल्याच. पाळण्याच्या एका बाजूला विहीणबाई बाळाला घेऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला कोण, असं कुणी विचारायच्या आत मावशी पुढे झाल्या. सून, जिने आतापर्यंत एक शब्द काढला नव्हता, आईकडे बघून म्हणाली, "आई, दे त्यांच्याकडं." विहीणबाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी बाळ पाळण्याखालून पुढे केलं. "कुणी गोविंद घ्या," त्या म्हणाल्या, पण हात सोडेनात.

"कुणी गोपाळ घ्या," मावशी म्हणाल्या आणि बाळ घेतलं. मी त्यांच्या पाठीशी इतकी चिकटून उभी, की माझा चष्मा त्यांच्या अंबाड्याला लागत होता.

पाळण्यावरून बाळ परत विहीणबाईंकडे. पुन्हा खालून मावशींकडे. या वेळी मावशींनी बाळ वरून पुढे केलं, विहीणबाईंनी वाकून हात पसरले, आणि गोपाळाने नेम धरून त्यांच्या नव्या पैठणीवर धार सोडली. थेट पदरावर. विहीणबाई किंचाळल्या, "अगं बाई बाई, पैठणी!"

खोलीभर हशा उसळला. आणि मावशी हसल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं: तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी काढत. बाकीच्यांचं हसू अर्ध्यात विरलं. सगळ्यांच्या नजरा मावशींच्या गुडघ्यांवर. मी दोन्ही हात पुढे केले. विहीणबाईंनी ओला पदर सोडून हात पुढे केले.

गुडघे सरळ होते. जबडा जागेवर होता. बाळ त्यांच्या दोन्ही हातांत घट्ट होतं आणि त्या हसतच होत्या, उभ्याने.

सगळ्यात आधी विहीणबाईंना उमजलं. त्यांनी पुढे केलेले हात हळूहळू मागे घेतले आणि कमरेवर ठेवले. "राहू द्या तुमच्याकडंच," त्या म्हणाल्या. "माझी साडी तर गेलीच आता."

मावशींनी नातवाला खांद्याशी घेतलं. त्याच्या कानात नाव सांगायला मावशींची मुलगी, बाळाची आत्या, कधीची पाळण्याशी खोळंबली होती. ती म्हणाली, "आई, दे ना आता. मला नाव सांगायचंय."

"थांब गं जरा," मावशी म्हणाल्या. "नाव काय पळून चाललंय?"